पंचाहत्तर सेकंदांचा आहेर

हिंवाळा हा आपल्याकडे सुखाचा ऋतु मानला जातो. धान्य घरांत आलेलें असतें, हुरड्याचीं आमंत्रणें येतात, संक्रांतीचा तिळगूळ होतो, आणि ज्यास प्रवास करावयाचा तो याच दिवसांत करतो. आल्प्स पर्वतांतील लोकांस मात्र हा ऋतु शतकानुशतकें बंदिवासासारखा वाटे. नोव्हेंबरांत बर्फ पडूं लागला कीं घाट बंद होत, गुरें गोठ्यांत व माणसें चुलीपाशीं बसत, आणि एप्रिल उजाडेपर्यंत बाहेरच्या जगाशीं संबंध जवळजवळ तुटे. अशा मुलुखांत हिंवाळ्यासाठींच लोक दुरून पैसे खर्चून येतील असें दोनशें वर्षांपूर्वीं कोणी म्हटलें असतें तर त्यास लोकांनीं वेड्यांत काढलें असतें. हा पालट ज्या गांवीं प्रथम घडून आला तें सेंट मॉरिट्झ गांव पाहण्याचा, आणि नुसतें पाहण्याचाच नव्हे, तर तेथील सुप्रसिद्ध बर्फाच्या घसरणीवरून जीव मुठींत धरून खालीं येण्याचा योग आम्हां उभयतांस २०२४ सालच्या फेब्रुवारींत आला. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांत ग्राउब्युंडेन नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांत एंगाडीन नांवाचें एक लांबट, उंच व उन्हाळ खोरें आहे. या खोऱ्यांतून इन नदी वाहते. ती पुढें डॅन्यूबला मिळते, म्हणजे येथें वितळलेलें बर्फाचें पाणी अखेर काळ्या समुद्रास जाऊन पोंचतें. येथील जुनी भाषा रोमान्श. ती लॅटिनची कन्या असून १९३८ सालीं लोकमतानें तिला त्या देशाची चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान मिळाला. बोलणारे थोडे असूनहि घरांच्या भिंतींवर, गांवांच्या पाट्यांवर ही भाषा अजून अभिमानानें नांदते आहे, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. सेंट मॉरिट्झ हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० मीटर उंचीवर, एका सरोवराच्या कांठीं वसलें आहे. आपल्या महाबळेश्वराहून तें चारशें मीटरांहून अधिक उंच आहे, एवढें सांगितलें म्हणजे तेथील थंडीची कल्पना येईल.

या गांवाचें भाग्य एका खाणावळवाल्यानें उघडलें, अशी कथा तेथें सर्वजण सांगतात. योहानेस बाडरुट हा कुल्म नांवाच्या हॉटेलाचा मालक. १८६४ च्या शरदांत त्याचे कांहीं इंग्रज पाहुणे उन्हाळा संपला म्हणून सामान बांधून निघाले होते. बाडरुट त्यांना म्हणाला, "आमचा हिंवाळा तुमच्या लंडनच्या हिंवाळ्यासारखा काळोखी नाहीं. येथें स्वच्छ ऊन पडतें. नाताळांत येऊन पाहा. न आवडल्यास तुमचा प्रवासखर्च मीं सोसावा, आणि आवडल्यास हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा." पाहुणे आले, आणि ईस्टरपर्यंत हललेच नाहींत! कथेंत मीठमसाला किती तें असो. परंतु आल्प्समधील हिंवाळी प्रवासाचा उगम लोक येथूनच मोजतात.

आतां, सुखवस्तु माणसें बर्फांत चार महिने करणार काय? गांवांतील पोरें सामान नेण्यासाठीं लांकडी घसरगाड्या वापरीत. त्या गाड्या या पाहुण्यांनीं उचलल्या आणि गांवच्या वळणावळणांच्या उतरत्या गल्ल्यांतून शर्यती सुरू केल्या. वाटेंत येणाऱ्या बायाबापड्यांचे काय हाल झाले असतील तें वाचकांनींच ताडावें. लोकांची तक्रार फार वाढली, तेव्हां गांवाबाहेर खास घसरण बांधण्याची युक्ति निघाली. १८८४-८५ च्या हिंवाळ्यांत क्रेस्टा नांवाची पहिली घसरण झाली. तीवरून एकट्यानें पालथें निजून, डोकें पुढें करून यावयाचें असतें. पुढें कोणी दोन घसरगाड्या एका फळीनें जोडल्या, पुढच्या गाडीस वळविण्याची सोय केली, आणि चारपांच जणांस बसतां येईल असें एक नवें वाहन निर्माण केलें. वेग वाढावा म्हणून त्यावर बसलेलीं माणसें पुढें-मागें डोलत. या डोलण्यावरूनच त्यास 'बॉब' हें नांव पडलें असें म्हणतात. १८९७ मध्यें बॉबचें मंडळ स्थापन झालें आणि १९०४ च्या पहिल्या जानेवारीस सेंट मॉरिट्झहून खालच्या चेलेरिना गांवापर्यंतची स्वतंत्र घसरण सुरू झाली. जगांतील ही सर्वांत जुनी बॉबची घसरण होय. १९२८ व १९४८ या दोन्ही वर्षींच्या हिंवाळी ऑलिंपिकच्या शर्यती येथेंच झाल्या. १९२८ सालीं पांच जणांच्या विजयी अमेरिकन गाडीचें सारथ्य करणारा बिली फिस्क अवघ्या सोळा वर्षांचा होता. पुढें १९४० मध्यें तो इंग्लंडच्या बाजूनें विमानयुद्धांत कामास आला.

इतका इतिहास आम्हांस आधीं ठाऊक होता असें नाहीं. तो ठाऊक होण्याचें कारण म्हणजे आम्हांस मिळालेला एक विलक्षण आहेर. आम्हांस साठ वर्षें पूर्ण झालीं तेव्हां घरीं यथासांग शांत झाली. आप्तेष्टांनीं शाली दिल्या, कोणी रक्तदाब मोजण्याचें यंत्र दिलें, एका स्नेह्यानें तर मूठ मढविलेली काठी दिली. सारांश, आतां आपण सांभाळून चालावें, असा सर्वांचा सूर होता. झुरिक येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या कन्येनें व जामातांनीं मात्र पाठविलें तें एक भेटपत्र: सेंट मॉरिट्झच्या घसरणीवरून बॉबमध्यें बसून एकदां खालीं येण्याचें. सौभाग्यवतींनीं लगेच फोन उचलला.

"अगं, वेड लागलंय का तुला? साठीला बापाला समई द्यावी, धोतरजोडी द्यावी. बर्फाच्या गटारांतून ढकलून काय देतेस?"

"आई, समई कपाटांत जाते. आजवर तुम्हांला दिलेलं सगळं कपाटांतच गेलंय. हें कपाटांत ठेवतांच येणार नाहीं."

"आणि यावर दोन जागा लिहिल्या आहेत त्या कशाला?"

"दुसरी तुझी आहे."

यावर सौ. कांहीं बोलल्या नाहींत. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरांत गेल्या आणि बराच वेळ भांडीं आवरीत राहिल्या.

येथें थोडें घरचें सांगणें प्राप्त आहे. आमच्या मातोश्री अकरा वर्षें अंथरुणास खिळून होत्या. २०२२ मध्यें त्या निवर्तल्या. त्या अकरा वर्षांत सौ. नीं एक रात्रहि घराबाहेर काढली नव्हती. याच काळांत कन्येचें लग्न झालें, ती परदेशीं गेली, तिला मुलगा झाला. बाळंतपणास विहीणबाई गेल्या, सौ. ना जातां आलें नाहीं. घरांत आजारी माणूस असलें म्हणजे सर्वांनाच हळू बोलण्याची, हळू दार लावण्याची संवय होते. मातोश्री गेल्यावरहि आमच्या घरांत सर्वजण हळूच बोलत असत. दुसरी जागा कोणासाठीं व कां, हें कन्येनें फोडून सांगितलें नाहीं, आणि तशी आवश्यकताहि नव्हती.

तथापि सौ. चें म्हणणें शेवटपर्यंत एकच होतें: नातवास पाहण्यास येईन, गाडींत बसणार नाहीं. आमच्या वैद्यकीय तपासण्या मात्र त्यांनीं स्वतः नेऊन करविल्या, कारण मान, पाठ अथवा हृदय यांचा विकार असणाऱ्यांस हा प्रवास वर्ज्य आहे. डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढला, मानेचें चित्र घेतलें आणि हंसत परवानगी दिली. "मग आतां माझीहि मान बघून टाका," असें सौ. सहज बोलल्यासारखें म्हणाल्या. आम्हीं तिकडे लक्ष नसल्यासारखें केलें.

झुरिकहून आगगाडीनें निघून कूर येथें गाडी बदलावी लागते. तेथून पुढें एक मीटर रुंदीच्या रुळांवरून जाणारी तांबडी गाडी मिळते. हा आल्बुला नांवाचा लोहमार्ग १९०३-०४ मध्यें पुरा झाला आणि २००८ मध्यें त्याची गणना जागतिक वारशांत झाली. ती प्रतिष्ठा त्यास शोभतेहि. फिलिझुरजवळ लांडवासर नदीवर पासष्ट मीटर उंचीचा सहा कमानींचा दगडी पूल आहे. तो वळत वळत जाऊन एका उभ्या कड्याच्या पोटांतील बोगद्यांत शिरतो. बेर्ग्यून व प्रेडा या दोन स्थानकांमध्यें गाडीस चारशें मीटरांहून अधिक चढावयाचें असतें, म्हणून रूळ डोंगराच्या पोटांत वेटोळीं घालीत जातात. खिडकींतून पाहतां मघांच ओलांडलेला पूल पुन्हां पायाखालीं दिसतो. आमच्या बोरघाटाच्या प्रवासांत लहानपणीं जो आनंद होई तोच येथें सौ. ना झालेला आम्हीं पाहिला. थंडींत प्रेडा ते बेर्ग्यून हा मोटारींचा रस्ता बंद करून त्यावर सहा किलोमीटरांची घसरगाड्यांची वाट करतात. लहान मुलें, आजीआजोबा, सर्वजण त्यावरून हंसत-खिदळत खालीं येतांना गाडींतून दिसतात. चढण्याचें काम आगगाडीनें करावयाचें आणि उतरण्याचें पृथ्वीनें, अशी ही वांटणी आहे.

सेंट मॉरिट्झ स्थानकाबाहेर पाऊल टाकतांच डोळे दिपले. आकाश गडद निळें, ऊन लख्ख, आणि सरोवर एखाद्या पांढऱ्या शुभ्र मैदानासारखें गोठलेलें. त्या गोठलेल्या पाण्यावर फेब्रुवारींत घोड्यांच्या शर्यती भरतात, यावरून बर्फाचा थर किती जाड असेल तें समजावें. गांवांत श्रीमंतीचा झगमगाट पुष्कळ आहे. दुकानांतील किंमती पाहून सौ. नीं हात मागें घेतला तो घेतलाच. आम्ही घरून आणलेल्या दशम्या व चटणी सरोवराकांठच्या बांकावर बसून खाल्ली आणि जामातांनीं थर्मासमधून चहा दिला. त्या भोजनाची सर हॉटेलास आली नसती.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही घसरणीच्या कडेच्या पायवाटेनें खालीं चालत गेलों. ही वाट सर्वांस खुली आहे, आणि घसरण समजून घेण्यास याहून उत्तम मार्ग नाहीं. लांबी १७२२ मीटर आणि वरच्या टोंकापासून खालच्या टोंकापर्यंत उतार १३० मीटर. जगांतील इतर मोठ्या घसरणी सिमेंटच्या पन्हळींत नळांनीं थंडावा खेळवून गोठविलेल्या असतात. ही तशी नाहीं. उन्हाळ्यांत येथें नुसता डोंगरउतार असतो. दरवर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस इटलींतील दक्षिण टायरोलचे कसबी कारागीर येतात आणि सुमारें तीन आठवड्यांत, बर्फ व पाणी एवढ्याच दोन वस्तूंनीं, ही सबंध घसरण हातांनीं घडवितात. भिजलेल्या बर्फाचा गारा करावयाचा, तो भिंतीवर थापावयाचा, फावड्यानें तासावयाचा, रात्रींच्या थंडीनें गोठूं द्यावयाचा, आणि पुन्हां पाणी शिंपून गुळगुळीत करावयाचा. आपल्याकडील गवंडी भिंतीस गिलावा करतो तसेंच हें काम, फरक इतकाच कीं येथें चुनाहि पाण्याचा आणि वीटहि पाण्याचीच. हातानें घडविलेली असल्यामुळें कोणतेंहि वळण गेल्या वर्षींच्यासारखें तंतोतंत होत नाहीं, आणि कसलेल्या सारथ्यांसहि दरवर्षीं तें नव्यानें शिकावें लागतें. मार्चच्या आरंभीं घसरण बंद होते, आणि पुढें ऊन तिला मोडून टाकतें. पार्थिव गणपति घडवून विसर्जन करणाऱ्या आम्हां लोकांस यांत नवल वाटूं नये. तरी इतका खटाटोप अवघ्या दोन-अडीच महिन्यांसाठीं करणारे लोक पाहून आम्हांस ते आपलेसे वाटले.

वळणांना एकेक नांव आहे. सर्वांत विख्यात तें 'हॉर्स शू', म्हणजे घोड्याच्या नालाचें वळण. येथें गाडीची दिशा अगदीं उलट फिरते आणि ती बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढून आडवी धांवते. खालच्या बाजूस 'डेव्हिल्स डाइक' म्हणजे सैतानाचा बांध आहे. शेवटचें वळण स्पेनचा उमराव आल्फोन्सो द पोर्तागो याच्या नांवाचें आहे. त्यानें १९५७ मध्यें येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें आणि त्याच वर्षीं तो इटलींत मोटारींच्या शर्यतींत मरण पावला. आम्ही नालाच्या वळणापाशीं उभे असतांना वरून प्रथम एक गडगडाट आला, मग निळसर भिंतीवर एक काळी रेघ उमटली, आणि मान वळवीपर्यंत ती दिसेनाशी झाली. सौ. कांहीं वेळ रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माणसं होतीं का हो त्यांत?"

या वाहनाची रचना थोडक्यांत सांगतों. पोलादी सांगाडा, त्यावर कवच, आणि खालीं पोलादाच्या चार धांवा. यंत्र नाहीं, चाकें नाहींत. पुढें बसणारा सारथी दोन दोऱ्यांस लावलेल्या कड्या हातांत धरतो आणि त्यांनीं पुढच्या धांवा किंचित् वळवितो. अखेरीस बसणाऱ्याच्या हातीं ब्रेक असतो. त्याचे दांते बर्फांत रुतत असल्यामुळें तो केवळ शेवटीं, सीमारेषा ओलांडल्यावर ओढावयाचा असतो. मधल्या दोघांनीं नुसतें बसावयाचें. गाडी ओढते ती केवळ पृथ्वीची आकर्षणशक्ति. १३० मीटर खालीं येणाऱ्या वस्तूस घर्षण व वारा यांचा मुळींच रोध झाला नाहीं तर तिचा वेग गणितानें ताशीं सुमारें १८० किलोमीटर येतो. प्रत्यक्षांत हवेचा व बर्फाचा रोध असूनहि हा वेग १३० च्या घरांत जातो, यावरून धांवांखालचा बर्फ किती निसरडा असेल तें कळून येईल. वळणांत वेगवान् गाडी बाहेर फेंकली जाऊं पाहते आणि भिंत तिला आंत रेटते. त्या रेट्यानें माणसास स्वतःचें वजन चौपट झाल्यासारखें भासतें. सत्तर किलोंच्या मनुष्यास पावणेतीनशें किलोंहून अधिक भार अंगावर आल्यासारखा वाटतो, तो अशा ठिकाणीं.

अकराच्या सुमारास आम्ही वर घसरणीच्या आरंभीं पोंचलों. कचेरींत एक छापील कागद पुढें आला: आपली प्रकृति निरोगी आहे आणि आपण स्वतःच्या जबाबदारीवर बसत आहों. आम्हीं सही केली. कन्येनें आईकडे पाहिलें, परंतु एक शब्द काढला नाहीं. कारकून बाईंनीं दुसरा कागद टेबलावर तसाच ठेवला होता.

"यांत काय लिहिलंय, नीट सांग," सौ. म्हणाल्या.

"कांहीं झालं तर जबाबदारी ज्याची त्याची, असं लिहिलंय, आई."

"म्हणजे माझी मी."

"हो."

"यांना विचारावं लागत नाहीं?" असें म्हणून त्यांनीं आमच्याकडे बोट केलें.

"नाहीं. कोणालाच नाहीं."

सौ. नीं चष्मा लावला, लेखणी घेतली आणि देवनागरींत, पूर्ण नांवानिशीं, सही केली. घराची कर्जखतें, रुग्णालयाचे कागद, मुलीचे शाळेचे दाखले, अशा शेंकडों कागदांवर त्यांच्या सह्या आम्हीं पाहिल्या आहेत. त्या सर्व कोणा ना कोणासाठीं केलेल्या होत्या. ही मात्र त्यांची स्वतःपुरती होती. कन्या लगबगीनें खिडकीकडे वळली आणि बाहेर पाहूं लागली. मग ती व जामात नातवास घेऊन खालीं चेलेरिनास, जेथें गाडी थांबते तेथें, वाट पाहण्यास गेलीं.

शिरस्त्राणें चढविण्यांत आलीं. सौ. च्या अंबाड्यामुळें थोडी अडचण झाली. शेवटीं वेणी सोडून कोटाच्या आंत घातली. सारथी पुढें, त्याच्या मागें सौ., त्यांच्या मागें आम्ही, आणि पाठीशीं ब्रेकवाला, असे आम्ही चौघे डब्यांत भरलेल्या चकल्यांसारखे एकांत एक बसलों. सूचना मोजक्या होत्या: दोन्ही बाजूंच्या मुठी घट्ट धरा, खांदे वर घेऊन मान ताठ ठेवा, कोपर बाहेर काढूं नका. कर्ण्यांतून वाट मोकळी असल्याची घोषणा झाली. मागून दोघांनीं गाडी लोटली.

पहिले चारपांच सेकंद बैलगाडीची आठवण व्हावी इतकी गाडी संथ चालली, आणि आम्हांस वाटलें, एवढेंच काय? मग पहिलें वळण आलें. त्यानंतरचें क्रमवार सांगणें अवघड आहे, कारण तेथें डोळे, कान व पोट यांचा परस्परांशीं संबंध राहत नाहीं. दिसत होता तो एक पांढरा पट्टा आणि वर निळा पट्टा; क्षणांत निळा पट्टा बाजूस जाई आणि पांढरा डोक्यावर येई. पत्र्याची रिकामी पेटी खडकाळ रस्त्यावरून भरधांव ओढावी तसा आवाज. नालाच्या वळणांत कोणी अदृश्य हातानें आमचें मस्तक छातींत दाबलें. वर पाहण्याची इच्छा होती, परंतु मान आमची राहिली नव्हती. तेथून सुटलों तों झाडांची एक हिरवी-काळी रांग सर्रकन् निघून गेली. भीति वाटली काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर भीतीस लागणारा अवकाशच नव्हता. भविष्याची चिंता करण्यास पुढचा क्षण शिल्लक असावा लागतो. येथें तो येण्यापूर्वींच मागें पडत होता.

या सर्व कल्लोळांत एक दुसरा ध्वनि आमच्या कानीं येत होता. तो गाडीचा नव्हता. प्रथम आम्हांस वाटलें सारथी कांहीं ओरडून सांगत आहे. मग ओळख पटली. सौ. ओरडत होत्या, भीतीनें नव्हे, गाऱ्हाण्यानेंहि नव्हे, तर पोरें झोका उंच गेल्यावर ओरडतात तशा, पूर्ण गळा मोकळा सोडून. छत्तीस वर्षांच्या संसारांत तो आवाज आम्हीं कधीं ऐकला नव्हता. शेवटचें वळण संपलें, मागून ब्रेक लागला, बर्फाचा तुषार उडाला, आणि गाडी चढावर जाऊन शांतपणें थांबली. सारें मिळून पंचाहत्तर सेकंद. सरासरी वेग हिशेबानें ताशीं त्र्याऐंशी किलोमीटर.

सौ. ना उतरवावें लागलें, कारण पाय थरथरत होते. शिरस्त्राण काढल्यावर त्यांनीं प्रथम आम्हांसच विचारलें, "मी ओरडले तें कोणाला ऐकूं नाहीं ना गेलं?"

"आम्हांला गेलं."

"तुमचं सोडा हो." थोडें थांबून त्या म्हणाल्या, "ओरडून बरं वाटलं मात्र."

कन्या कठड्याशीं उभी होती. हातांत चित्र काढण्यासाठीं धरलेला फोन तसाच, आणि चेहरा पांढराफटक. "वरून तुमची गाडी सुटल्याचं पुकारल्यापासून मीं श्वास घेतला नाहीं," ती म्हणाली. "शेवटचा मिनिटभर मला वाटत होतं, मीं हें काय करून बसलें!"

सौ. नीं तिच्या गालाला हात लावला. "तुला पहिल्यांदा विमानांत बसवून घरीं आलों ना, तेव्हां आम्ही नऊ तास असेच बसलों होतों. तुझं पंचाहत्तर सेकंदांत भागलं." यावर मायलेकी हंसल्या, आणि हंसतां हंसतां दोघींचेहि डोळे भरून आले. नातू मात्र एकच प्रश्न विचारीत होता, कीं आजीला पुन्हां वर केव्हां न्यावयाचें.

आम्हां दोघांस एकेक प्रशस्तिपत्र मिळालें. पूर्वींच्या काळीं या खेळांत स्त्रियाहि पुरुषांच्या बरोबरीनें बसत. पुढें त्यांना बाजूस सारण्यांत आलें, आणि ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या बॉबच्या शर्यतीस प्रवेश मिळण्यास २००२ साल उजाडावें लागलें, असें जामातांनीं सांगितलें. आपल्या देशासहि हा प्रांत अगदींच परका नाहीं. मनालीजवळच्या वशिष्ठ गांवचे शिव केशवन् हे याच जातीच्या, उताणें निजून एकट्यानें येण्याच्या 'ल्यूज' खेळांत १९९८ ते २०१८ पर्यंत सहा हिंवाळी ऑलिंपिकांत उतरले. घरीं घसरण नसल्यामुळें ते गाडीस चाकें लावून हिमालयांतील रस्त्यांवर सराव करीत.

ज्या वाचकांस या बाजूस जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठीं दोन शब्द. बॉबचा हंगाम साधारण नाताळापासून मार्चच्या आरंभापर्यंतच असतो, आणि जागा आधीं राखून ठेवाव्या लागतात. माणशीं खर्च अडीचशें फ्रँकांहून अधिक, म्हणजे आपल्या हिशेबानें वीस हजार रुपयांच्या पुढें येतो; तेव्हां हा खर्च दुसऱ्यानें केलेला बरा! मान, पाठ, हृदय यांची तपासणी येथूनच करून जावें व त्यांत हयगय करूं नये. अंगास घट्ट बसणारे लोंकरी कपडे, हातमोजे आणि रिकामें पोट असावें. ज्यांस बसावयाचें नसेल त्यांनीं पायवाटेनें नालाच्या वळणापर्यंत तरी अवश्य जावें; त्यास कांहीं पडत नाहीं.

आम्ही पुण्यास परतल्यावर मार्चमध्यें ती घसरण नेहमींप्रमाणें बंद झाली. जून महिन्यांत कन्या व जामात पुन्हां त्या बाजूस गेले होते. तेथून तिनें एक चित्र पाठविलें: हिरवागार उतार, पिवळीं रानफुलें, आणि गळ्यांत घंटा बांधलेल्या दोन गाई चरत आहेत. सौ. नीं चष्मा लावून तें पुष्कळ वेळ न्याहाळलें आणि फोनवर विचारलें, "यांत आपलं नालाचं वळण कुठं आहे गं?"

"त्या डाव्या गाईच्या मागें, आई. आतां तिथं कांहीं नाहीं."

"असूं दे," सौ. म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानें म्हणाल्या, "नोव्हेंबरांत करतील पुन्हां."